वाडीत, मोहल्ल्यात, चर्चच्या हॉलमध्ये लैंगिक आरोग्याबद्दल बोलायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या मुली एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत असतात. आपल्या माणसांत, देवधर्म पाळणाऱ्या घरांत, पाळी, गर्भनिरोधन, गुप्तरोग, लग्नानंतरचे संबंध यांवर मोकळेपणी बोलणं कसं सुरू करायचं? नेहमी येणारे प्रश्न विचारले गेले तसेच ठेवलेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. घरी विचारलं, "हे कसलं काम?" तर एका वाक्यात काय सांगू?

"पाळी, अंगावरून जाणं, मूल लांबवणं, संबंधांतून लागणारे आजार आणि नको तो स्पर्श, यांची खरी माहिती बायकामुलींना मिळावी म्हणून बसतोय." एवढं पुरतं. यात एकही गोष्ट अशी नाही की जी घरातल्या मोठ्या बाईच्या आयुष्यात आली नाही. आईला किंवा आजीला आधी एकटीला सांगा, चारचौघांत नको. जिच्या घरातून विरोध आहे ती मुलगी पुढे उभी राहिली की सगळा गाव तिच्या घरच्यांना जाब विचारतो. म्हणून पहिला होकार घरचा मिळवा, मग वाडीचा.

२. सुरुवात कोणाकडे जाऊन करायची? सरपंचांकडे की देवस्थानाच्या ट्रस्टींकडे?

दोघांकडेही नंतर. आधी आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर. घरोघरी कोणाला काय त्रास आहे हे त्यांना माहीत असतं आणि त्यांच्याकडे सरकारी साहित्यही असतं. त्यानंतर वाडीतल्या अशा दोन-तीन वयस्कर बायका गाठा ज्यांचा शब्द चालतो: बचत गटाची अध्यक्ष, भजनी मंडळातली जुनी बाई, बाळंतपणाला धावून जाणारी एखादी काकी. त्या "चालेल" म्हणाल्या की मगच गावकी (गावचे पंच), मोहल्ल्याची जमात किंवा चर्चचे फादर यांच्याकडे जायचं.

क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. विषय थेट गावकीच्या बैठकीत गेला तर तिथे फक्त पुरुष असतात, बायकांचं मत विचारायच्या आतच "नको" ठरतं, आणि एकदा ठरलेलं मागे घेणं मानाचा प्रश्न बनतो. जाताना अर्ध्या पानावर चार गोष्टी लिहून न्या: विषय, बोलणार कोण, वयोगट, वेळ. दोघी जा आणि सोबत एक मोठी बाई ठेवा.

३. खरा विषय सांगितला तर कोणी येणार नाही. "महिला आरोग्य शिबिर" एवढंच लिहिलं तर?

पाटीवर लिहायला हरकत नाही, पण परवानगी मागताना आणि आयांना सांगताना सगळे विषय सांगा. रक्त तपासणीला म्हणून बोलावलं आणि निरोध दाखवला, तर पहिल्या बैठकीला चाळीस जणी येतील आणि दुसरीला कोणीच येणार नाही. फसवलं गेल्याचा राग त्या आशाताईवरही निघतो, जिला त्याच घरांत रोज जायचं असतं. चिठ्ठीवर "पाळी, अंगावरून जाणं, मूल लांबवण्याचे उपाय, गुप्तरोग: बायकांच्या प्रश्नांची उत्तरं" असं साधं लिहिलेलं सगळ्यांत बरं.

४. कोणत्या महिन्यात, कुठे आणि किती जणींची बैठक ठेवू?

पंधरा ते वीस जणी. त्याहून जास्त झाल्या की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते आणि बोलणारी बाई गप्प होते. अविवाहित मुली आणि लग्न झालेल्या बायका यांच्या बैठका वेगळ्या ठेवा. सासू-सून एकत्र असल्या तर सून तोंड उघडणार नाही.

वेळ गावाच्या कामावर ठरते. लावणीत, कापणीत आणि आंब्याच्या हंगामात नावही काढू नका. कोळीवाड्यात जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाजाराची धावपळ कमी असते, तेव्हा बायकांना दुपार मोकळी मिळते. बौद्धवाडीत आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासाची प्रवचनं चालतात. त्यातली एक संध्याकाळ आरोग्यासाठी मागितली तर सहसा मिळते, कारण लोक आधीच जमलेले असतात. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं असतात. तिथे बायका जमतात खऱ्या, पण विधवांना आणि बऱ्याच ठिकाणी कुमारिकांना बोलावणं नसतं. ज्यांना माहितीची गरज जास्त, त्याच बाहेर राहतात. हळदीकुंकू धरलंत तर त्याच आठवड्यात सगळ्यांसाठी खुली दुसरी बैठकही ठेवा.

जागा देवळाचा सभामंडप नसावा. तिथे पाळी चालू असलेली बाई येऊच शकत नाही. अंगणवाडी, शाळेचा वर्ग, समाजमंदिर किंवा एखादीची मोठी पडवी चालते. फक्त दार लावता आलं पाहिजे आणि पुरुषांची जा-ये नको.

५. दीड तासात काय काय घ्यायचं? सोबत काय न्यायचं?

पहिली दहा मिनिटं नियम सांगायला: इथलं बोलणं इथेच राहील, नाव घेऊन कोणाची गोष्ट सांगायची नाही, फोन पिशवीत. याच वेळी एका अपवादाचीही कल्पना द्या (प्र. १५). मग वीस मिनिटं शरीराचं चित्र: गर्भाशय, बीजकोश, योनी, आणि लघवीची जागा वेगळी असते ही गोष्ट. तीन मुलं झालेल्या बायकांनाही हे पहिल्यांदा कळतं. त्यानंतर पाळी आणि अंगावरून जाणं मिळून वीस मिनिटं, गर्भनिरोधन आणि आजार वीस मिनिटं, उरलेला वेळ चिठ्ठ्यांना.

चिठ्ठ्यांचा डबा ही बैठकीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू. सगळ्यांना सारखेच कागद आणि सारखीच पेनं द्या, नाहीतर अक्षरावरून आणि शाईवरून ओळख पटते. प्रश्न नसेल तिनेही काहीतरी लिहून घडी घालायची, म्हणजे लिहिणारी उघडी पडत नाही. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी सिस्टर कोपऱ्यात बसतील आणि कानात ऐकून लिहितील. चिठ्ठ्या वाचून झाल्यावर तिथेच फाडा.

साहित्य: हाताने काढलेलं मोठं चित्र, सुती कपडा, पॅड, पाळीत वापरायचा कप, निरोध, माला-एन आणि छाया या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट, तांबी (कॉपर-टी), जवळच्या ग्रामीण रुग्णालयाची वेळ आणि वार लिहिलेला कागद. वस्तू हातात फिरू द्या. तांबी बोटाएवढी लहान असते हे पाहिल्यावर निम्मी भीती जाते.

६. "पाळीत देवाला शिवलं तर काय होतं?" असं कोणी विचारलं तर उत्तर काय देऊ?

शरीराचं उत्तर द्या: पाळीचं रक्त हे गर्भाशयाचं अस्तर असतं, मूल न राहिल्यामुळे ते बाहेर पडतं. त्यात विष नसतं, लोणचं त्याने नासत नाही, तुळस त्याने सुकत नाही. देवघरात जायचं की नाही हा तिचा, तिच्या घराचा प्रश्न आहे आणि तो तिच्यावर सोडा. या एका मुद्द्यावर वाद जुंपला की पूर्ण बैठक त्यातच जाते आणि जिला सहा महिने रक्तस्राव होतोय ती न विचारता घरी परतते.

मात्र बाजूला बसण्यामुळे तब्येतीला धोका होत असेल तर तिथे गप्प राहू नका. पडवीत ओल्या जमिनीवर निजणं, रात्री एकटीने बाहेर मोरीवर जाणं, आंघोळीला पाणी न मिळणं, पोटभर जेवण न मिळणं, हे कोणत्याही देवाने सांगितलेलं नाही. घरच्यांनी शिवाशीव पाळली तरी कोरडी जागा, कपडे बदलायला आडोसा आणि दोन वेळचं जेवण मिळालंच पाहिजे, असं स्पष्ट सांगा. कोणी परंपरेचा दाखला दिलाच तर आपल्या परंपरेत सोयराबाईही आहेत. चोखोबांच्या घरातल्या या संत स्त्रीने सातेकशे वर्षांपूर्वी अभंगातून विचारलं होतं की विटाळावाचून कोण जन्माला आलं?

७. गणपतीत पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेतल्या तर चालतं का?

श्रावण सरत आला की कोकणात हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. चाकरमानी येणार, घरात दीड किंवा पाच दिवसांचा गणपती, नैवेद्य करायला एकच सून. मेडिकलमधून पट्टी आणली जाते आणि शेजारणीने सांगितलं तशी घेतली जाते.

या गोळ्यांत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम असतं. डॉक्टर साधारणपणे पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन गोळ्या देतात. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. नेहमीच्या चुका अशा: तारखेच्याच दिवशी पहिली गोळी घेणं (तोवर उशीर झालेला असतो), दिवसाला एकच घेणं, कामाच्या गडबडीत मधली गोळी चुकणं. अशाने ऐन आरतीच्या वेळी डाग लागतात. ज्यांची पाळी मुळातच पुढेमागे होते त्यांना तारीख धरता येत नाही, त्यामुळे गोळीचाही भरवसा नसतो.

कोणी घेऊच नये: पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, लिव्हरचा आजार असलेली, कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेली, गरोदर असण्याची शंका असलेली. बाळाला पाजणाऱ्या आणि अर्धशिशीचा त्रास असलेल्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. गोळी चालू असताना एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक जोराचं डोकं दुखणं किंवा अंधारी येणं, यांपैकी काहीही झालं तर गणपती घरात असला तरी लगेच दवाखाना. आणखी एक: ही गोळी मूल राहणं थांबवत नाही.

घ्यायचीच असेल तर निदान दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. दर सणाला घेणारी बाई दिसली तर तिच्या घरातल्यांशी बोला. सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी दुसरी व्यवस्था करणं गोळ्यांपेक्षा सोपं आहे, आणि अनेक घरांत जाऊबाई किंवा पुरुष ती करतातही.

८. पावसाळ्यात पाळीचा कपडा वाळतच नाही. काय करायचं?

जून ते सप्टेंबर कोकणात ऊन नाही, हवा दमट, आणि लाजेपोटी कपडा साडीखाली किंवा माळ्यावर लपवून वाळवला जातो. दमट कपड्यात बुरशी वाढते, मग मांड्यांना चट्टे, खाज, अंगावरून दह्यासारखं जाणं सुरू होतं.

कपडा आधी गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. साबणाने धुऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा. पडवीत वाऱ्याच्या जागी, वर दुसरं काही न घालता पसरा. आडोसा हवा असेल तर समोर साडीचा पडदा बांधा, पण कपड्यावर काही टाकू नका. मग दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री, वाफ निघणं पूर्ण थांबेपर्यंत. वादळात दोन दिवस वीज गेली तर हे जमणार नाही, म्हणून पावसाळ्याआधी किमान आठ कपडे तयार ठेवा. चार महिने पॅड किंवा कप वापरणं हा उत्तम पर्याय. जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड १ रुपयाला एक मिळतं. पॅड, कपडा काहीही असो, चार ते सहा तासांनी बदला. कप आठ ते बारा तास चालतो आणि प्रत्येक पाळीच्या आधी वेगळ्या भांड्यात उकळावा लागतो.

वापरलेलं पॅड खाडीत, विहिरीत किंवा संडासात टाकू नका. शोषखड्ड्याच्या संडासात ते तुंबतं आणि उपसावं लागतं. कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळं द्या. घंटागाडी येत नाही अशा वाडीत कपडा किंवा कपच जास्त सोयीचा.

९. पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात, हे खरं का?

नाही. योनीतून थोडं पारदर्शक किंवा पांढरट पाणी जाणं हे तिची स्वच्छता स्वतःच होण्याचं लक्षण आहे, आणि दोन पाळ्यांच्या मध्यावर ते वाढतं. दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी. करडं, पातळ, माशासारखा वास असेल तर जंतूंचा समतोल बिघडलाय. पिवळं-हिरवं, फेसाळ असेल तर संबंधांतून लागलेला आजार असू शकतो आणि तेव्हा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर महिन्याभरात परत तेच. साबण, डेटॉल, तुरटी आत घालून धुणं बंद करा, त्याने त्रास वाढतो.

सोबत थकवा असेल तर तो बहुधा रक्त कमी असल्यामुळे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळीसोबत चहा नको, लिंबू किंवा आवळा चालतो.

१०. कधी "घरगुती उपाय पुरे, आता डॉक्टर" असं सांगायचं?

दर तासा-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल. संबंधांनंतर रक्त जात असेल. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर. ओटीपोटात दुखणं आणि ताप एकत्र असेल. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल. लघवीला जळजळ होत असेल: मच्छी विकणाऱ्या आणि काजू फॅक्टरीत बसणाऱ्या बायकांना हे फार होतं, कारण दिवसभर पाणी न पिता लघवी धरून ठेवली जाते. तीस वर्षांपुढच्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी करून घ्यायला सांगा.

११. आमचा कोकणी मुस्लिम मोहल्ला आहे. मौलानासाहेबांना कसं विचारू?

इमामसाहेबांकडे वडील, भाऊ किंवा जमातीतल्या एखाद्या काकांमार्फत निरोप जाऊ द्या, आणि बैठक फक्त बायकांची, बोलणारी डॉक्टर किंवा सिस्टर बाईच, हे आधी सांगा. तहारतचे (धार्मिक शुद्धतेचे) मसले बायकांना तसेही शिकवले जातात, त्यामुळे विषय परका नाही. मदिनेतल्या अन्सार स्त्रिया धर्माचं ज्ञान घेताना लाजल्या नाहीत म्हणून हदीसमध्ये (पैगंबरांच्या काळातल्या वचनांच्या संग्रहात) त्यांची वाखाणणी आहे. मौलाना स्वतःच पुष्कळदा तो दाखला देतात.

इथे एक व्यावहारिक बाब फार उपयोगाची. नमाज-रोजासाठी हैजचे (पाळीचे) दिवस मोजले जातात. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे असल्यामुळे जास्तीत जास्त १५ दिवस हैज धरला जातो, हनफी पंथात १०. त्यापुढचं रक्त इस्तिहाजा, म्हणजे पाळीबाहेरचं. ही इबादतीची (उपासनेची) मोजणी आहे. दवाखान्याची मोजणी वेगळी: सात दिवसांपुढे गेलं की तपासणी (प्र. १०). दोन्ही शेजारी मांडून सांगितलं की बायकांना लगेच पटतं, आणि तारखा त्यांच्याकडे तयारच असतात.

रमजानमध्ये बैठक नको, त्याआधीच्या शाबान महिन्यात घ्या. रोजे चुकू नयेत म्हणून पाळी लांबवणाऱ्या गोळ्यांबद्दल तेव्हाच विचारलं जातं. तब्येतीचं उत्तर प्र. ७ मध्ये आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढता येतात, हे तर त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

१२. चर्च गर्भनिरोधकांच्या विरोधात आहे. मग पॅरिशमध्ये काय बोलणार?

कृत्रिम गर्भनिरोधन नको ही कॅथलिक चर्चची भूमिका १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांनी पुन्हा ठामपणे मांडली. फादरना त्याविरुद्ध हॉल द्या असं म्हणू नका. पाळी, आजार, हिंसा, कर्करोग तपासणी हे सगळं तिथे बोलता येतं, आणि लग्नाआधीच्या कोर्समध्ये नैसर्गिक पद्धतही शिकवली जाते. ती नीट सांगा. ज्यांची पाळी नेमाने २६ ते ३२ दिवसांनी येते त्यांनी पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून आठवा ते एकोणिसावा दिवस संबंध टाळायचे. बाळंतपणानंतर, पाळी अनियमित असताना किंवा चाळिशीनंतर ही मोजणी चुकते.

इतर पद्धतींची माहिती हवी असणारीला सिस्टर दवाखान्यात एकटीला देतील. हॉलमध्ये एवढंच सांगा की ती माहिती कुठे मिळते.

१३. लग्न न झालेल्या मुलींना गर्भनिरोधनाचं सांगितलं तर "बिघडवलं" म्हणतील ना?

म्हणतील. तरीही सांगावं, कारण माहिती नसल्यामुळे जे होतं ते निस्तरायला मुलगी एकटीच उरते. १८ वर्षांखालच्या मुलींच्या बैठकीला पालकांची लेखी संमती घ्या, त्यात विषय लिहा.

नेमकी माहिती अशी. आपत्कालीन गोळी (लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) संबंधांनंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयोगी. दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. पाळी आठवडाभर पुढे गेली तर घरीच लघवीची चाचणी. गर्भपाताच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत. गर्भ नळीत असला तर जीवावर बेततं.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा, सुधारणा २०२१ ची. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत, ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं. अविवाहित बाईलाही तोच हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. १८ पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही, कोणी मागितली तरी.

१४. नवरा मुंबईला किंवा बोटीवर असतो. त्याच्यावर संशय न घेता तपासणीचं कसं सांगायचं?

संशयाचा विषयच काढायचा नाही. गरोदरपणात प्रत्येकीची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होते, तशीच ही दोघांची नेहमीची तपासणी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते, आधी समुपदेशन असतं, निकाल फक्त त्या व्यक्तीला सांगतात. २०१७ च्या कायद्याने ही गुप्तता सक्तीची आहे. फोनवर विचारायचं असेल तर एड्स हेल्पलाइन १०९७. नवरा गणपतीला किंवा शिमग्याला येतो तेव्हा बाई निरोधचा विषय काढायला कचरते. "मूल लांबवायचंय, सिस्टरनी सांगितलंय" हे वाक्य कामी येतं. छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा) किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन मूल लांबवतात, आजार अडवत नाहीत. आजार फक्त निरोध अडवतो.

१५. सोळा वर्षांच्या मुलीने येऊन सांगितलं की तिचे संबंध आहेत, किंवा कोणी जबरदस्ती करतंय. ते गुपित ठेवायचं ना?

नाही. इथे बैठकीचा नियम मोडतो. २०१२ च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याने १८ खालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिची संमती कायदा मानत नाही, आणि अशी गोष्ट कळलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावी लागते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मर्जीने असलेल्या प्रेमप्रकरणालाही यात सूट नाही. हे कठोर वाटतं आणि कधीकधी मुलीचंच नुकसान करतं, पण कायदा आज असा आहे.

म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा: "१८ खालच्या कोणाच्या बाबतीत असं काही मला कळलं तर मला पुढे सांगावं लागेल. सर्वसाधारण प्रश्न मात्र कितीही विचारा." यामुळे काय बोलायचं हे मुलगी स्वतः ठरवू शकते. तिने सांगितलंच, तर खोदून विचारू नका, तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, आरोपीला किंवा नातेवाइकांना परस्पर कळवू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जिल्ह्याची बालकल्याण समिती आणि सखी केंद्र (अत्याचार झालेल्या बायकामुलींसाठीचं सरकारी मदत केंद्र) पुढची मदत करतात. जखम किंवा गर्भाची शंका असेल तर आधी दवाखाना, मग कागद. सरकारी दवाखान्याला एफआयआरची वाट पाहत उपचार अडवता येत नाहीत.

मुलगी गरोदर असेल आणि घरचे नाव उघड होण्याला घाबरून गावठी उपाय करू पाहत असतील, तर त्यांना सांगा की सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या गर्भपाताबद्दलच्या निकालानुसार (प्र. १३), मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांना पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. हे ठाऊक नसल्यामुळे जीव गेलेत.

१६. "हे सगळं बाहेरून आलेलं आहे, आपल्यात नव्हतं," याला काय उत्तर?

दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यातल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पत्नी मालतीबाईंच्या साथीने. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना छापून उत्तरं दिली. अश्लीलतेचे खटले झाले तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात मांडली डॉ. आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्तावही आणला. यापेक्षा जास्त कोकणातलं काय असणार?

१७. लग्न ठरलेली मुलगी विचारते, पहिल्या रात्री रक्त आलं नाही तर?

कित्येकींना येत नाही. योनीचा पडदा लवचीक असतो, जन्मतःच वेगवेगळ्या आकाराचा असतो, आणि त्यावरून आधीचे संबंध कोणालाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाहीत. बलात्काराच्या प्रकरणांत केल्या जाणाऱ्या दोन बोटांच्या तपासणीवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कडक शब्दांत बंदी घातली. खूप दुखत असेल तर थांबायचं, घाई करायची नाही. प्रत्येक वेळी अंग आवळून येत असेल तर त्याला उपचार आहेत. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी स्वतःच्याच जातपंचायतीसमोर कौमार्य चाचणीविरुद्ध उभं राहून दाखवलं आहे, हेही सांगा.

१८. मुलग्यांचं काय?

वेगळी बैठक, पुरुष आरोग्य सेवकाकडून. क्रिकेट मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ हे त्यांचं जमण्याचं ठिकाण. विषय तेच, जास्तीचे दोन: मोबाइलवर दिसतं ते खरं नसतं, आणि "नाही" म्हणजे नाही.

१९. गावकीने धमकी दिली की बैठका बंद करा, नाहीतर वाळीत टाकू. आता?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो होण्यामागे कोकणातली, विशेषतः रायगडातली वाळीत टाकण्याची प्रकरणंही होती. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पाणी, दुकान, देवळाचा मान, मयतीला खांदा अडवणं हे सगळं त्यात येतं.

पण पहिल्या धमकीला पोलीस ठाणं गाठू नका, घरच्यांना त्याच वाडीत राहायचं आहे. आधी त्या दोन-तीन मोठ्या बायकांना (प्र. २) पुढे करा आणि बैठक आरोग्य केंद्रात हलवा, तिथे गावकीची परवानगी लागत नाही. दरम्यान कोण, कधी, कोणासमोर काय बोललं हे तारखेसह लिहीत राहा, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुसू नका. प्रत्यक्ष बहिष्कार सुरू झाला, म्हणजे किराणा नाकारला किंवा कोणी घरी येणं बंद केलं, की तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यात घेतली नाही तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे देता येते.

२०. बैठकीचे फोटो टाकू का? अनुदान मागायला लागतात.

चेहरे नको. रिकामा वर्ग, चिठ्ठ्यांचा डबा, पाठमोऱ्या बायका चालतील, तेही विचारून. अठराखालच्या मुलींचा पाठमोरा फोटोही नको, शाळेच्या गणवेशावरून ओळख पटते. हजेरीच्या वहीत फक्त संख्या आणि वयोगट लिहा. नावांची यादी एकदा कुणाच्या हाती लागली की पुढच्या वेळी त्या मुलींना घरातून पाठवत नाहीत.